मोठेबाबांचा अळणी नवस

तापीच्या आमच्या काठावर भाजीतलं मीठ खऱ्या अर्थाने कळलेला एकच माणूस होऊन गेला, आणि तो आमच्या शेजारच्या ओट्यावर बसायचा. ते माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मोठीमाय. सारंगखेड्याच्या अलीकडच्या आमच्या गावात कुणाकडे लग्न निघालं की मुहूर्ताला भटजी लागत, वाजवायला वाजंत्री लागत आणि भाजीचं मीठ पाहायला मोठेबाबा लागत. पहिल्या दोघांत बदल झाला तर चालायचं. मोठेबाबा परगावी असतील तर मात्र लोक लग्नाची तारीख पुढे ढकलायचा विचार करत, असं मी सांगितलं तर तुम्ही हसाल, पण आमच्या पाटलांनी खरोखर एकदा ढकलली होती. गोवऱ्यांवर भाजलेली कणकेची बट्टी, वरण आणि वांग्याची घोटलेली भाजी हे आमच्याकडचं लग्नाचं जेवण. त्या भाजीच्या तपेल्याशी मोठेबाबा येऊन उभे राहिले की आचारी, हाताखालची माणसं, लाकडं सारणारे, सगळे गप्प होत.

मीठ पाहण्याची त्यांची रीत होती आणि तीत ते कधी तडजोड करत नसत. त्या दिवशी सकाळपासून तंबाखू बंद. भाजी बोटाने चाटायची नाही, बट्टीच्या तुकड्याला लावून खायची, कारण पंगतीत कुणी नुसती भाजी खायला बसत नाही. एकदा गरम असताना खायची, मग तेवढीच भाजी पानावर निवू द्यायची आणि पुन्हा खायची, कारण गरम भाजी जिभेला फसवते असं त्यांचं ठाम मत होतं. मग डोळे मिटून ते थोडा वेळ उभे राहत आणि निकाल सांगत: "एक मूठ आजून. धाकली मूठ, बाईनी." आचारी आपल्या राकट हाताकडे बघून विचारात पडायचा, शेवटी कुणा बाईला बोलावून तिच्या मुठीने मीठ टाकलं जायचं. भाजी अशी जमायची की पाव्हणे घरी जाऊनही तिचंच बोलत.

हा माणूस मुळात तेला-मिठाचा किती शौकीन होता हे सांगितल्याशिवाय पुढचं सगळं फुकट जाईल. घरच्या भुईमुगाच्या शेंगा घाण्यावर नेऊन ते समोर उभं राहून तेल काढून आणत. खिचडीच्या मधोमध खळगा करून त्यात कच्चं तेल ओतायचं आणि कडेकडेने खात तो बांध फुटू द्यायचा नाही, हे कसब मी त्यांच्याकडेच पाहिलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर तिखट आणि त्यावर तेलाची धार. भाजीवर बोटभर तेल तरंगत नसेल तर ती भाजी आजारी माणसाची, असं ते म्हणत. मोठीमाय त्यांना शोभेल अशीच होती. तिच्या हातून तेल आखडतं कधी सुटलंच नाही. दोन मुली लग्न होऊन सासरी गेलेल्या, घरात दोघंच, आणि दोघांच्या भाजीला लागणारं तेल आमच्या सात माणसांच्या घराला दोन दिवस पुरलं असतं. आमची आई हे बोलून दाखवायची, आणि वर त्यांच्याकडून वाटीभर भाजीही मागून आणायची.

मग एका उन्हाळ्यात पापड लाटताना मोठीमाय पोळपाटावरच कलंडली. उडदाच्या पापडाच्या लाट्या तेलात बुडवून खाण्यात तिचा हात कुणी धरत नसे, त्या दिवशीही तिने मोजदाद न ठेवता खाल्ल्या होत्या. डोकं गरगरतंय म्हणाली आणि आडवी झाली. दुसऱ्या दिवशी मोठेबाबांनी गाडी जुंपली. मी तेव्हा नुकताच गावच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. मला म्हणाले, "डॉक्टरसंगे शुद्ध बोलनारा जोयजे. तू मास्तर शेस, चाल." असा मी दुभाषा म्हणून शहाद्याला गेलो. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, काचेच्या नळीतला पारा वर चढलेला पाहून पुन्हा फुगा दाबला. मग म्हणाले, रक्ताचा जोर फार वाढलाय, मीठ आणि तेल जवळजवळ बंद करा, नाहीतर एखाद्या दिवशी अर्धं अंग लुळं पडेल किंवा त्याहून वाईट होईल. मी ते शुद्ध मराठीतून आमच्या बोलीत आणलं. मोठीमाय पदर तोंडाला लावून हसली. मोठेबाबा हसले नाहीत. परतीच्या वाटेवर लोणखेड्याच्या पुढे आलो तरी त्यांनी बैलांना एक शब्द ऐकवला नव्हता, आणि बैलांशी न बोलणारे मोठेबाबा मी त्याआधी पाहिले नव्हते.

आठवडाभरात घरात पुन्हा तळण सुरू झालं. मी मास्तरपणाच्या जोरावर तिला समजवायला गेलो. तिने मला पाटावर बसवलं, पुढ्यात ताजा तळलेला पापड ठेवला आणि म्हणाली, "बाईमानूस सोतासाठे येगळं रांधस का रे कधी? लोके काय म्हनतीन?" पुरुषाला बाधत असेल तर त्याच्यासाठी वेगळी वाटी होत असे, पोरांसाठी होत असे, बाळंतिणीसाठी सव्वा महिना होत असे. पण धडधाकट दिसणाऱ्या बाईने चुलीपुढे बसून फक्त आपल्यापुरतं काही वेगळं शिजवावं, ही गोष्ट आमच्याकडे कुणी केलीही नव्हती आणि कुणाला सुचलीही नव्हती. आम्ही शिकलेसवरलेले त्यात होतोच. मी पापड खाऊन परत आलो, याची मला आजही लाज वाटते.

मोठेबाबांनी मात्र तीन दिवस विचार केला आणि चौथ्या दिवशी सकाळी ओट्यावरून जाहीर केलं, "मी मीठ सोडं. तेल बी सोडं. नवस शे." गावात एकच गिल्ला झाला. मीठ पाहणाऱ्याने मीठ सोडावं! कोणता देव, कशासाठी, किती दिवस, काही पत्ता लागू देईनात. कोणी म्हणालं विहिरीला पाणी लागावं म्हणून, कोणी म्हणालं म्हातारपणी मुलगा हवाय, एकाने तर सारंगखेड्याच्या बाजारातला पांढरा घोडा त्यांच्या मनात भरल्याचं खात्रीने सांगितलं. विचारलं की ते म्हणत, "देवले ठाऊक शे." खरी गोष्ट फक्त मला माहीत होती, कारण डॉक्टरांचं बोलणं मी ऐकलं होतं आणि मला गप्प बसवणं त्यांना भाग होतं. त्या काळी नवरा जेवून उठला की त्याच्याच ताटात बायको जेवायला बसे. मोठीमायही तशीच बसायची. दोघांच्या घरात दोन भाज्या होणार नव्हत्या. आणि नवसाचं ताट म्हटल्यावर त्यात वरून मीठ घेणं म्हणजे नवस बाटवणं, एवढा धाक तिला होता. डॉक्टरांचा नव्हता, तो देवाचा होता. तो देव मोठेबाबांनी ओट्यावर बसून तयार केला होता.

पुढच्या काही महिन्यांत त्यांनी जो उच्छाद मांडला तो काय सांगावा. हा माणूस चुलीपाशी जाऊन बसायला लागला. पुरुषाने स्वयंपाकघरात पाय ठेवणं म्हणजे केवढा गहजब, पण नवसाचं सोवळं पाळतोय म्हटल्यावर कोण बोलणार? तेलाची बरणी त्यांनी उतरंडीच्या सर्वांत वर, मोठीमायचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी नेली. तव्याला तेल लावायला अर्धा कांदा घ्यायचा, तो तेलाला जरासा टेकवायचा आणि तव्यावरून फिरवायचा. पापड तळायचे नाहीत, निखाऱ्यावर भाजायचे. भरताची वांगी काड्यांच्या जाळावर भाजायची, त्यात लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात आणि दाण्याचं भरड कूट घालायचं. दाण्याचं तेल दाण्यातच आहे, बाहेर काढायला घाणेवाल्याला त्रास कशाला, असं म्हणायचे. मिठाची उणीव आंबटाने भरून काढायची युक्ती त्यांना कशी सापडली कोण जाणे, पण कधी अंबाडी, कधी कैरी, कधी चिंच, कधी लिंबू असं काहीतरी प्रत्येक भाजीत असायचं. भाजलेलं जिरं हातावर चोळून वरून टाकायचे आणि वास घेऊन स्वतःच खूश व्हायचे. कटोरीत भाजी आली की ती तिरपी करून कडेला तेल जमतंय का ते पाहायचे. हळूहळू त्यांना दुसऱ्याच्या घरच्या कटोऱ्याही तिरप्या करून पाहायची खोड लागली, आणि लोक त्यांना पाहून ताटावर हात ठेवू लागले.

स्वतः जेवून झालं की ते उठून जात नसत. मोठीमाय जेवेपर्यंत समोर लसूण सोलत बसत. बायको जेवताना नवरा समोर बसून राहतो ही बातमी विहिरीवर पोचायला वेळ लागला नाही. बायका मोठीमायला चिडवायच्या, ती लाजायची आणि घरी येऊन त्यांच्यावर डाफरायची. ते सोलतच राहायचे. आमच्या घरी त्या वर्षी लसूण विकत आणावा लागला नाही.

लोणखेड्याच्या व्याह्यांकडचा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला. आमच्याकडे पाव्हण्याचा मान तेलाच्या धारेवर ठरतो. व्याह्यांनी हौसेने तेलाचं भांडं उचललं आणि खिचडीवर धार धरली, तोच मोठेबाबांनी झटकन भाकरी उचलून खिचडीवर छत्रीसारखी धरली. तेल भाकरीवरून ओघळून त्यांच्या धोतरावर सांडलं. व्याही दुखावले. म्हणाले, "नवस मीठना शे का तेलना?" मोठेबाबा धोतर पिळत म्हणाले, "दोन्हीना. देव मोठा हुशार शे. मीठ एकलं सोडं ते हाऊ दुप्पट तेल खाई, इतलं त्याले समजस." व्याह्यांना हसू आवरेना. पण तिथे मोठीमाय नव्हती, ती गावात होती. मला राहवलं नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, इथे कोण पाहतंय, खायचं होतं पोटभर. तर म्हणाले, "एक डाव गोड लागनं का मंग घरनं घशाखाले उतरत नही. मी एक घास टाकसू, आनी तिले कारन भेटी." सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेत भजी तळणाऱ्याच्या कढईपाशी मात्र ते दरवर्षी थोडा वेळ उभे राहत. खात नसत. वास घ्यायला नवस आडवा येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पहिल्यांदा मी त्यांना हरलेलं पाहिलं ते लोणच्यापायी. मोठीमाय रोज दुपारी ताकाच्या निमित्ताने आमच्या घरी येते आणि आईच्या बरणीतली लोणच्याची फोड तोंडात टाकून जाते, हे त्यांना कळलं. आई त्यांच्या धाकट्या भावाची बायको, त्यांच्यापुढे पदर घेऊन दाराआड उभी राहणारी, त्यांच्याशी कधी एक शब्द न बोललेली. ते अंगणात आले आणि माझ्याकडे पाहत तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तर, तुन्ही मायले सांग, तिले लोनचं नको देऊ. तिले काही व्हयनं ते मी कोनसंगे भांडू?" एवढंच बोलले आणि हात जोडले. जेठाने, थोरल्या दिराने, दाराकडे तोंड करून हात जोडलेले पाहून आईने मला आत ओढून घेतलं. मग मी तिला सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिने लोणच्याची बरणी माहेरी पाठवून दिली, आणि आम्ही सगळ्यांनी ते वर्ष लोणच्याशिवाय काढलं.

अशी सहा-सात वर्षं गेली. मोठीमायचं गरगरणं थांबलं. शहाद्याच्या डॉक्टरांचा पारा दर वर्षी थोडा खाली येत गेला. नवसाबद्दल विचारायचं लोकांनी सोडून दिलं होतं. त्या सुमारास माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. तळोद्याकडची वरात येणार होती. मधल्या वर्षांत गावात लग्नं झाली त्यात मोठेबाबांना कुणी बोलावलं नव्हतं, नवसाच्या माणसाला मीठ चाखायला कसं सांगायचं म्हणून. पण माझे वडील हट्टाला पेटले. नवस फक्त जेवणाचा आहे, चाखून थुंकायला काय हरकत, असा त्यांनी कौल दिला. मोठेबाबांनी आढेवेढे घेतले नाहीत. मला तर वाटतं त्यांना बोलावणं हवंच होतं. सकाळपासून तंबाखू बंद करून, धुतलेलं धोतर नेसून ते तपेल्याशी आले. बट्टीचा तुकडा, गरम भाजी, डोळे मिटणं. निवलेली भाजी, पुन्हा डोळे मिटणं. आचाऱ्याने मीठ हात राखून टाकलं होतं, बाकीचं त्यांच्या शब्दावर टाकायचं म्हणून. मोठेबाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "बराबर शे. वाढा."

पहिली पंगत बसली. वरपक्षाची माणसं होती. पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि माणसं एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी नवऱ्या मुलाच्या चुलत्याने हात थांबवून वडिलांना विचारलं, "भाजीमा मीठ टाकानं राही गयं का हो?" मोठेबाबा तिथेच उभे होते. ते आचाऱ्याकडे गेले, पुन्हा एक तुकडा खाल्ला, पुन्हा डोळे मिटले. मी शेजारी होतो. डोळे उघडल्यावर त्यांचा चेहरा पाहिला आणि मला समजलं की भाजी त्यांना खरोखरच बरोबर लागतेय. वडिलांनी मिठाच्या वाट्या फिरवल्या, वरपक्षाने मोठ्या मनाने हसण्यावारी नेलं, जेवणं पार पडली. कुणी मोठेबाबांना एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

ते मांडवामागे, बट्ट्यांच्या गोवऱ्या रचल्या होत्या त्यांच्याआड जाऊन बसले. मी मागोमाग गेलो. "मन्ही जीभ गई," ते म्हणाले. सहा-सात वर्षांत एकदाही मी त्यांना स्वतःबद्दल तक्रार करताना ऐकलं नव्हतं, आणि आता साठी ओलांडलेला तो माणूस काहीतरी चोरीला गेल्यासारखा हातांकडे पाहत होता. तेवढ्यात मोठीमाय त्यांना शोधत आली. बायकांच्या पंगतीत तिचं जेवण झालं होतं. त्यांना असं बसलेलं पाहून ती भांडायच्याच सुरात म्हणाली, "काय व्हयनं? भाजीले लोके उगाच नावं ठेवी ऱ्हायनात. माले ते बराबर लागनी."

मोठेबाबांनी मान वर केली. "तुले बराबर लागनी?"

"हाव."

"वरतून मीठ नही लिधं?"

"कसाले लेवू? वाटी ऊनी व्हती मन्हासमोर. एक चिमूट टाकी ते घशामा खारं लागनं. ती ताटनी कडले सारी दिधी."

मग त्यांनी गुडघ्यांवर हात टेकून उठायचा प्रयत्न केला, पण उठता येईना, इतके ते हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मोठीमायला वाटलं याला भूल पडली. ती मला म्हणाली पाणी आण. मोठेबाबा उपरण्याने तोंड पुसत म्हणाले, "पानी नको. देव पावना." गावाने पुन्हा कधी त्यांना मीठ पाहायला बोलावलं नाही आणि त्यांनी त्याची खंत केली नाही. लग्नाच्या पंगतीत ते आणि मोठीमाय आपली आपली भाकरी घेऊन येत आणि लोक ते चालवून घेत.

त्यानंतर सात वर्षांनी मोठेबाबा गेले. चार दिवस ताप आला आणि गेले, कुणाला फार धावपळ करू दिली नाही. मोठीमाय मागे राहिली, ठणठणीत, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रत्येक मुदतीच्या पुढे गेलेली. पुढची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसासाठी घागर भरतात, पुरणपोळी आणि आमरसाचं ताट वाढतात आणि त्यातले घास आगारी म्हणून विस्तवावर टाकतात. मी सकाळी तिच्याकडे गेलो तर ती चुलीपुढे बसून वांग्याची भाजी करत होती. उतरंडीवरून तेलाची बरणी तिने कुणाकडून तरी खाली काढून घेतली होती. मी पाहत होतो आणि ती ओतत होती. भाजीवर बोटभर तेल आलं. मीठ तिने मुठीने घातलं, तेही आपल्या अंदाजाने, चाखून पाहिलं नाही. कुरडया तळल्या, पापड तळले. आमच्या आईकडून लोणच्याची फोड मागून आणली होती. ताट भरलं, आणि ते विस्तवापुढे नेताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "चौदा वरीस त्यासनी मन्हासाठे अळणी खाधं. आज पोटभर खाऊ द्या."

मी दचकलो. म्हटलं, तुला कुणी सांगितलं? "नवस करनारा मानूस देवनं नाव सांगस," ती म्हणाली. "यासनी कधी सांगं का? माले पहिलाच महिनामा समजनं." मग इतकी वर्षं ती लाजली, डाफरली, लोणच्याची फोड चोरून खाऊन पकडली गेली, ते सगळं माहीत असून. आगारी विस्तवावर पडली तसा तेलाने एकदम जाळ उठला, आणि ती पदराने तोंडावरची धग वारत तिथेच बसून राहिली.

नंतर जेवायची वेळ झाली. त्यांच्या ताटात ती बसेल असं मला वाटलं होतं, तशीच आमच्याकडची पद्धत होती. तिने ते ताट गायीपुढे नेऊन ठेवलं. मग आत जाऊन फडताळातून दुसरं ताट काढलं, चुलीच्या कडेला झाकून ठेवलेलं एक लहान पातेलं उघडलं आणि त्यातली भाजी वाढून घेतली. बिनतेलाची, बिनमिठाची, वरून जिरं चोळलेली. तिने आपल्यापुरती वेगळी रांधली होती. मी लसणाची परडी ओढली आणि ती जेवेपर्यंत समोर सोलत बसलो.